एका जिवाची चूल

गावकऱ्यांनो, तुम्ही एका जित्या बाईचं घर गावातून उठवलं, आणि त्याला बोटसुद्धा लावलं नाही. नुसती हाक मारली नाही.

जसोदाबाई उंबऱ्यात उभी होती. दुसऱ्या दिवशी देवळाचं गावजेवण होतं आणि सुकलाल घरोघर आवतण देत फिरत होता. शेजारच्या ओट्यापुढे थांबून त्यानं हाक दिली, "नवनीतभाऊऽ, उद्या चूलबंद आवतण शे होऽ!" चूलबंद म्हणजे अख्ख्या घराला जेवण. त्या दिवशी गावात कोणी काही शिजवायचं नाही. एका घरातून जरी धूर निघाला, तरी देवाचा आणि पंचांचा अपमान. गॅस आता सगळ्यांकडे आहे, पण घर मोजायचं ते अजून चुलीवरच.

सुकलाल तिच्या दारावरून पुढे निघाला.

"सुकलाल, मन्हं दार दिसनं नही का तुले?"

"दिसनं ना माय. पन हाक कोना नावनी मारू? हेमकांतभाऊ तर गया." तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती.

"मन्हा नावनी मार."

सुकलाल हसला. "बाईना नावनी चूलबंद कोठे ऱ्हास? पंचस्ले इचार."

पंचांतला एक तिचा सख्खा दीरच होता. पलीकडच्या गल्लीत बन्सीलाल ओट्यावर बसून बशीनं चहा पीत होता. भावजय आली म्हणून उठून उभा राहिला. मान द्यायला माणूस चुकला नाही. तिनं विचारलं तेव्हा मात्र बशीत बघत म्हणाला, "भाभी, तुम्हले आम्हनामाच धरेल शे. येगळी कसी धरानी? एक जीवनी काय चूल ऱ्हास का?"

"मंग उद्या माले लेवाले कोन येई?"

"येतीन ना पोरं."

मागच्या वर्षीही पोरं येणार होती. ती वाट बघून बघून उठली आणि एसटीनं नंदुरबारला गेली. घरात चूल पेटवायची नाही आणि पंगतीत जागा नाही, मग माणसानं खायचं कुठे? स्टँडजवळच्या हॉटेलात तिनं शेवभाजी मागवली. आयुष्यात पहिल्यांदा ती एकटी हॉटेलात बसली होती. पोऱ्यानं विचारलं, "मावशी, मागून कोनी येई ऱ्हायनं का?" नाही म्हटल्यावर तो समोरची खुर्ची उचलून घेऊन गेला. पलीकडे लग्नाच्या बस्त्याला आलेली मोठी मंडळी बसली होती, त्यांना खुर्च्या कमी पडत होत्या. मग बाजूची गेली. मग दुसऱ्या बाजूची. शेवटचा घास खाल्ला तेव्हा टेबलाला तिची एकच खुर्ची उरली होती, आणि पोऱ्या तिच्या उठण्याची वाट बघत उभा होता. रात्री सुरतहून नूतनचा फोन आला. "माय, जेवनी का?" "जेवनू ना बेटा. गावजेवण व्हतं." लेकीला खोटं सांगायची सवय तिला तेव्हापासून लागली.

यंदा ती सकाळीच न्हाली. हिरवं लुगडं नेसली आणि ओट्यावर बसली. देवळाकडून बुंदीचा वास आला. पहिली पंगत उठली. दुसरी बसली. बन्सीलालच्या सुना जरीच्या साड्या सावरत समोरून गेल्या. धाकटीनं हात हलवला, "जेवनी का काकू?" आणि उत्तर ऐकायला थांबली नाही.

जसोदाबाई घरात आली. मूठभर खिचडी टाकावी म्हणून लायटर हातात घेतला. दोन वर्षं ती असंच रांधत होती. आवाज न करता, झाकण ठेवून, शेजाऱ्याला फोडणीचा वास जाणार नाही असं. जणू एकटीनं खाणं हा गुन्हाच. तिनं लायटर खाली ठेवला.

परसात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग होता, रात्रीच्या दवानं ओलसर. तिनं चांगली कवळभर काढली, तीन दगड मांडले आणि जाळ केला. वर भरताचं एक हिरवं वांगं ठेवलं. भरीत काही एका वांग्याचं करायची वस्तू नाही. मळ्यात मंडळी जमवायची, पोतंभर वांगी भाजायची, तेव्हा भरीत. पण तिनं एकच ठेवलं, आणि शेजारी निखाऱ्यावर मूठभर हिरव्या मिरच्या टाकल्या.

धूर कुडावरून उठला आणि वाऱ्याबरोबर सरळ देवळाकडे गेला.

पंगतीत पहिला ठसका लागला. मग दुसरा. वाढपी डोळे पुसायला लागले. बाहेरगावचे पाहुणे माना वळवून बघायला लागले. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "आज कोनी पेटाडी रे चूल?"

बन्सीलाल धावतच आला, खांद्यावर पंचा, हात वरणानं भरलेले. मागे आणखी दोन पंच.

"भाभी, काय करी ऱ्हायन्यात? इझाडा पहिले! आज गावमा चूल पेटाडतस का? पाव्हणास्मा नाक कापाई गयं आम्हनं!"

ती उठली नाही. काडीनं वांगं उलटं केलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुराचं असेल. पदर डोक्यावर नीट घेतला, दिराशी बोलताना घ्यायचा तसा.

"आठे तर चूलच नही ना, बन्सीभाऊ. तुम्हीच काल सांगं." तिनं वर पाहिलं, एकेकाकडे, तिघांकडेही. "मंग हाऊ धूर कोना घरमाईन निंघी ऱ्हायना? नाव ल्या. मोठ्यानं बोला, पंगतले ऐकू जावाले पाहिजे."