बगदादचं पत्र

बगदादहून आलेल्या त्या पत्राचं उत्तर दोन महिने गेलं नव्हतं. मार्गासनीच्या ठकुबाईचा नवरा सोनबा साहेबाच्या घोड्यांबरोबर तिकडं त्यांची निगा राखणारा मोतद्दार म्हणून गेला होता. त्याला लिहिता येत नसे, पत्रं कुणाकडून तरी लिहून घेई. गावाला पत्रं वाचून दाखवणाऱ्या मानसिंग गुरुजींना वाटत राहिलं, आपल्याच वाचण्यात काही चुकलं की काय?

म्हणून आज त्यांनी ते पुन्हा वाचलं. ‘ठकू, तुझी तब्येत कशी आहे? तुझ्यावाचून करमत नाही. वाळवंटातलं शहर, पाणीसुद्धा विकत. पण घोड्यांना सोन्याचा भाव. शेत विकून दोन्ही घोड्या घेऊन ये. मुंबईच्या धक्क्यावर माझा माणूस भेटेल.’

“ठकुबाई, नवरा एवढ्या मायेनं बोलावतोय,” गुरुजी चाचरत म्हणाले.

“त्येच तर, गुरुजी. वीस वर्सं संसार केला म्या. कुठंबी गेलं तरी पयली चौकशी घोड्यांची, नावं घेऊन घेऊन. म्या जिती हाय का न्हाई, त्ये शेवटच्या वळीत! ह्यात घोड्या कशा हायेत, ह्ये इचारलंच न्हाई; येकीचंबी नाव घेतलं न्हाई.”

गुरुजींनी कोरा कागद पुढं ओढला. “मग... काय लिहू?”

ठकुबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सांगितलं.

संध्याकाळी गुरुजींनी टपालपेटीत टाकलेल्या पत्रात एकच ओळ होती :



‘पत्र लिहिणाऱ्या दादास, आमच्या मालकांना जाळलं का पुरलं, तेवढं खरं कळवा.’