आतलं वर्तुळ

लग्नाच्या मांडवात विर्योनोसर कोपरा धरून बसले होते. सारा जन्म जावा बेटावर गणित शिकवण्यात गेला, आणि लेकीने वरला सुमात्रातला बाताक मुलगा. बाताक जमातीत बाताक कुळाचं नाव नसलेली सून चालत नाही. म्हणून काल मुलाच्या मामांनी लारसला आपल्या कुळाचं नाव देऊन रीतसर लेक करून घेतलं होतं.

"गेली पोर," सर पुटपुटले.

नवरीच्या साजातली लारस शेजारी येऊन टेकली. "बाबा, सातवीत मी लिहिलं होतं, पाच ही नैसर्गिक संख्या आहे, म्हणून ती परिमेय नाही. तुम्ही काय केलंत?"

"मार्क कापले."

"का?"

"अगं, परिमेयांच्या मोठ्या वर्तुळात धरली म्हणून ती आतल्यातून थोडीच जाते..." सर बोलता बोलता थांबले.

"मग आज तुमचे कापू?"

सरांना कितीतरी दिवसांनी हसू आलं.

तेवढ्यात पुकारा झाला, "जोडप्याला शाल पांघरवायला मुलीच्या वडिलांनी यावं."

मामा उठले. आणि सरही उठले.

"हे टोक धरा," मामा म्हणाले. "कधीचा तुमची वाट बघतोय."