जळलेल्या गावाची पाच वर्षं

“तीस वर्षं? अगं, तोवर खेळातला राजा म्हातारा होऊन मरेल!” नवरा खुर्चीसकट तिच्याकडे वळला.

“मरू दे,” बायको म्हणाली. “गाव जाळलं की तीस वर्षं तिथून शेतसारा मिळणार नाही. विहिरी बुजल्या, बैल मेले, माणसं परागंदा झाली. जाळणाऱ्याला जरा कळू दे.”

दोघांनी मिळून बनवलेला लढायांचा खेळ संध्याकाळी बाजारात जायचा होता. राजे, किल्ले, फौजा, सगळं तयार होतं. फक्त हा एक आकडा ठरायचा राहिला होता आणि त्यावरून सकाळपासून घरातच लढाई जुंपली होती. दोन संगणकांच्या मधे तिसऱ्यांदा केलेला चहा गार होत होता.

“लोक खेळ घेतात ते मजेसाठी, रडायला नाही,” तो म्हणाला. “पाच वर्षं बस झाली. जळलं ते जळलं. जमीन काही दात धरून बसत नाही. उलट नवीन उगवतं ते अजून छान उगवतं.”

“आणि माणसं?”

“माणसंही विसरतात. पाच वर्षांत सगळं विसरतात, लिहून घे माझ्याकडून.”

बरोबर अकरा वाजता त्याचा फोन वाजला. पडद्यावर ‘दादा’ असं आलं. त्यानं फोन पालथा करून ठेवला.

नऊ वर्षांपूर्वी हे दोघे सख्खे भाऊ मिळून खेळ बनवायचे. धाकट्यानं दोन वर्षं खपून एक नकाशा काढला होता, नद्या, घाट, पायवाटांसकट. दादानं जागा करायची म्हणून संगणक साफ केला आणि नकाशाची एकुलती एक प्रत पुसली गेली. वर म्हणाला, “नवीन काढ की, अजून छान होईल!” झालं! तेव्हापासून जो अबोला धरला तो आजतागायत. येत्या रविवारी त्यांच्या आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. तिनं बजावून ठेवलं होतं की दोघं एका टेबलाशी बसणार असाल तरच केक कापीन, नाहीतर मी आपली दिवसभर झोपून राहीन.

फोन वाजतच होता.

“घे ना,” बायको म्हणाली.

“अजिबात नाही. माझ्या नकाशाची राख केली त्यानं.”

“किती वर्षं झाली?”

“नऊ,” तो म्हणाला आणि तिथंच अडकला.

“मग तूच ठरव. फोन घेतलास तर पाच. नाही घेतलास तर तीस.”

वादात हरण्यापेक्षा हा माणूस दोन दिवस उपाशी राहिला असता. त्यानं दातओठ खात फोन कानाला लावला. “बोल,” तो गुरगुरला. पलीकडून दादा नकाशाबद्दल माफी मागत होता. त्याचे डोळे भरून आले. “जाऊ दे रे दादा,” तो म्हणाला. “नवीन काढला तो खरंच अजून छान झाला.” आणि नाक ओढत आतल्या खोलीत गेला. थोड्या वेळानं तिथून त्याचं खो खो हसणं ऐकू आलं.

तासाभरानं त्यानं दारातून डोकं बाहेर काढलं. “रविवारी आईकडे जायचंय! आणि मी जिंकलो हां, पाच कर!”

“करते बाबा,” ती पडेल चेहऱ्यानं म्हणाली.

तिनं खेळाची फाइल उघडली. तिथं तीन दिवसांपूर्वी तिनंच लिहिलेला पाचाचा आकडा होता. तो एकदा पाहून तिनं फाइल मिटली. मग मोबाइल घेतला आणि काल मोठ्या दिरांना पाठवलेला निरोप पुसून टाकला: “भाऊजी, उद्या बरोबर अकराला फोन करा. तोवर मी तिसावर अडून बसते.”