कुठेही वाजवा

खरवईच्या सोहमने आपल्या बँडच्या येणाऱ्या अल्बममधली तीन गाणी नमुना म्हणून नेटवर फुकट सोडली आणि खाली ऐटीत लिहिलं, 'कुणीही घ्या, कुठेही वाजवा.' अल्बम चालला नाही तर गिटार माळ्यावर टाकून मुकाट्याने अंबरनाथच्या कंपनीत चिकटायचं, असं बाबांशी ठरलं होतं.

पण महिन्याभरात चमत्कारच झाला! सोहमसाहेब सकाळी अकराच्या आत काही अंथरूण सोडत नसत. पण बाहेर पडावं, तर भाजीवाली पहिल्या गाण्याची चाल गुणगुणतेय, जिन्यात पोरंही तेच गाणं म्हणतायत.

"बाबा, पब्लिक एकदम पागल झालीये!" सोहम म्हणाला.

रोज सकाळी लवकर खाली जाऊन येणारे बाबा नुसतेच गालातल्या गालात हसले.

अल्बमचा पहिला कार्यक्रम सोसायटीच्याच पटांगणात ठेवला. संध्याकाळी खुर्च्या गच्च भरल्या. सोहमने गिटार छेडली, त्या पहिल्या गाण्याचे सूर निघाले मात्र, अख्खं पटांगण ताडकन उभं राहिलं. सोहमने वाजवता वाजवताच झुकून अभिवादन केलं. अजून तोंडही उघडलं नाही, आणि लोक उभं राहून दाद देतायत!

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या कुमुदिनीकाकू सुनेवर ओरडल्या,




"अगं अनुया, बघत काय बसलीस? घंटागाडीचं गाणं लागलं, कचऱ्याचा डबा घेऊन पळ!"