पहिली रांग

गडचिरोलीच्या जंगलात पोलीस-नक्षल चकमक झाली की प्रफुल ऊर्जानगरच्या वीज वसाहतीतल्या क्वार्टरमधून आपल्या चॅनलवर लाइव्ह यायचा आणि छाती ठोकून सांगायचा, "युद्धात दयामाया नसते. शेवटचा मरेपर्यंत थांबायचं नाही!" त्यापायी महिन्याकाठी दोन-तीन सत्कार ठरलेले. शाली वाटल्या जायच्या, नारळाची चटणी व्हायची, पण चमकत्या कागदातली सन्मानचिन्हं टीव्हीवर, फ्रिजवर, पार देवघरात साचत गेली. शेवटी त्याची बायको रंजीता कावली.

"अवो, घरात पाय ठेवायले जागा नाई राह्यली. तिथीच उघडून पाहत जा. कामाचं असंन तरच आना."

आरमोरीच्या सत्कारानंतर त्यानं पहिल्यांदा बायकोचं ऐकलं. सभागृहाबाहेर मोटारसायकलवर बसून पुडकं उघडलं. त्यात बॉम्ब होता.

"नशीब समजा बाई," पोलीस म्हणाले. "घरी उघडलं असतं तं लेकरंही गेली असती."

रंजीताला रडू तेव्हाही आलं नाही, तेरवीलाही नाही.

पुढं शोकसभा झाली. पहिल्या रांगेतले सगळे मुठी आवळून ओरडले, "हे युद्ध थांबणार नाही!" मग रंजीताला मंचावर बोलावून तिच्या हातात चमकत्या कागदातलं सन्मानचिन्ह दिलं. ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"इथीच उघडून पाहतो," ती म्हणाली.

कागद टरकन फाटला, तशी पहिली रांग खुर्च्या पाडत दाराकडे धावली.