डावा डोळा

पेणच्या गणपती कारखान्यात काळुराम मूर्तीचा उजवा डोळा रेखून डाव्याकडे वळला आणि त्याची कंबर धरली. सरळ होता येईना, बसताही येईना. मालक निलेशने कारागिरांकरवी त्याला तसंच, काटकोनात उचलून टेम्पोत ठेवलं.

दवाखान्यात डॉक्टर इंजेक्शन भरायला लागले, तर काळुराम ओरडला, "आता नको! सरळ झालो तर हाताचा बाक बदलंल. दोन डोळे सारखे नाय आले तर देव चकणा दिसंल."

डॉक्टरांनी खूप समजावलं. शेवटी भरलेलं इंजेक्शन सोबत घेऊन तेच टेम्पोत बसले.

कारखान्यात सगळ्यांनी काळुरामला उचलून मूर्तीसमोर धरलं. त्याला दरदरून घाम फुटला होता, दात आवळले होते. पण डोळा असा उतरला की निलेशचे हात आपोआप जोडले गेले. काळुराम मूर्तीकडे बघत राहिला आणि खुदकन हसला.

"आता टोचू?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय, टोचा." मग त्याची नजर बाजूला गेली. "डॉक्टर, जरा थांबता काय? शेजारची मूर्तीपन याच उंचीची हाय."