ब्लोअर का फिरत नाही

सत्यजित स्टोव्हच्या मागे पालथा पडला होता. तोंडात टॉर्च, हातात मीटर आणि डोकं पार चक्रावलेलं. चौदा वर्षं चिप डिझाइन करणारा माणूस, आणि हातभर लांबीचा एक पंखा आठ दिवस त्याला दाद देत नव्हता!

पंखा म्हणजे लाकडाच्या स्टोव्हचा ब्लोअर. स्टोव्हच्या पोटाला रुपयाएवढा थर्मोस्टॅट चिकटवलेला असतो. लोखंड चांगलं तापलं की तो आपोआप पंखा सुरू करतो, निवलं की बंद. पार्सिपनीतलं हे घर जुनं, हीटिंग त्याहून जुनं. वरच्या खोल्यांत ऊब जायची ती या पंख्याच्या जोरावर. आता रात्री सगळे दोन-दोन रजया घेऊन झोपत होते.

"वायर डायरेक्ट जोडून टाक ना," बायको, गिरिजा, सोफ्यावरून म्हणाली. तिचं ऑफिसचं काम हल्ली तिथेच चालायचं. "डायरेक्ट जोडली की फिरतो म्हणालास."

"मग थर्मोस्टॅट कशाला दिलाय?"

"हो बाई. इंजिनिअरशी बोलतेय, विसरलेच."

सत्यजितचा जीव खालीवर होत होता तो काही पंख्यासाठी नव्हे. डिसेंबरअखेर त्याचे वडील, आप्पा, जेवता जेवता म्हणाले होते, "माझं एप्रिलचं परतीचं तिकीट अलीकडे घे. संक्रांतीच्या आत गावी पोचतो. इथे फार गार वाटतं रे." त्याला ते फार लागलं होतं. तिकीट आज बघतो, उद्या बघतो करत त्याने टाळलं, आणि तेवढ्यात हा पंखा बसला. आता कोणत्या तोंडाने आप्पांना राहा म्हणायचं?

नवा थर्मोस्टॅट मागवून बसवला, तोही तसाच. शेवटी त्याने तो काढला आणि सरळ पोळीच्या तव्यावर ठेवला, मंद गॅसवर.

"माझ्या तव्यावर?" गिरिजा किंचाळली.

मिनिटभरात टक्क वाजलं, मीटरही बोंबलला. म्हणजे स्विच चांगला. पंखा चांगला, वायर चांगली, काचेआड जाळ दिसतोय. पुन्हा सगळं जागच्या जागी लावलं. अर्धा तास वाट पाहिली, तरी पंखा ढिम्म!

"बाबा, इट्स हॉन्टेड," आन्या गालिच्यावरून म्हणाली. तेरा वर्षांची ही कन्या आप्पांशी रमी खेळत होती. "आजोबा, युअर टर्न."

"आमच्या पाटबंधारे खात्यात अशी मशीनं आठ-आठ वर्षं बंद असायची," आप्पा पान टाकत म्हणाले. "कोणाचं काही अडलं नाही. सोड नाद."

नाद सोडतोय कसला! लोखंड खरंच किती तापतंय तेच मोजू, म्हणून सत्यजित थर्मामीटर आणायला गराजमध्ये गेला. तो खोक्यांखालून सापडायला दहा मिनिटं गेली. परत आला तर गिरिजा चहा टाकायला आत गेलेली, आन्या फोन घ्यायला वर. आणि आप्पा? आप्पा स्टोव्हचं दार उघडून उकिडवे बसले होते. चिमट्याने पेटतं लाकूड धरून राखेच्या बादलीत ठेवत होते. बादलीत आधीच दोन अर्धी जळलेली लाकडं होती.

"आप्पा! हे काय करताय?"

आप्पा दचकले. मग निवांतपणे त्यांनी बादलीवर झाकण ठेवलं. "जाळ कमी करतोय. चुलीतलं लाकूड मागे ओढतो ना, तसं. तीन लाकडं राहिली की हा सुरू होतो. एकच ठेवलं की नाही होत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"लाकडं घालायचं काम माझ्याकडेच आहे. दोन दिवसांत कळलं."

रागवावं की हसावं, सत्यजितला कळेना. "अहो, पण का? तुम्हालाच गार वाटतं म्हणून मी आठ दिवस इथे लोळतोय!"

"गार कसलं? खोली भट्टीसारखी असायची माझी. दुसरं काय कारण सांगणार होतो तुला?" आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. "हा फिरायचा तेव्हा सगळ्यांच्या खोल्या गरम. जेवण झालं की तू वर, गिरिजा वर, पोरगी वर. दारं बंद. मी इथे त्याची घरघर ऐकत बसायचो. तो बंद पडला तसे सगळे खाली आलात." त्यांनी चिमटा जागेवर ठेवला. "तिकिटाचं या आठ दिवसांत बोललोय का काही?"

नव्हते बोलले. आणि ते आपल्या लक्षातही आलं नाही, याची सत्यजितला फार लाज वाटली.

"सापडलं का रे काही?" आतून गिरिजाने विचारलं.

सत्यजित थर्मामीटर खिशात घालून आप्पांसमोर गालिच्यावर मांडी घालून बसला.

"नाही गं," तो म्हणाला. "एप्रिलपर्यंत काही हा सुरू होईलसं दिसत नाही."